मागच्या बाकावरचा सोबती

पहाटे साडेपाच

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. जानेफळच्या शिवारात सोयाबीन पिवळं पडलंय. उघाड मिळाली की सोंगणी सुरू होईल. या भागात कॉलेजात शिकवायचं तर विद्यापीठाच्या वेळापत्रकाइतकंच पिकाचंही वेळापत्रक डोक्यात ठेवावं लागतं. सोंगणी लागली की वर्ग निम्मा होतो, मळणीयंत्र गावात आलं की आणखी रोडावतो. म्हणून आजचा तास असा बांधायला हवा, की उद्यापासून न येणाऱ्याच्या हाती काहीतरी पुरतं लागलेलं असेल आणि आठवड्याने परतणाऱ्याला धागा सापडेल.

मी अर्थशास्त्राचा संशोधक विद्यार्थी. पीएचडीची नोंदणी अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात आणि शिकवणं मेहकरच्या एका महाविद्यालयात, तासिका तत्त्वावर. सगळे 'सीएचबी' म्हणतात. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, सत्र संपलं की करार संपला. माझ्यासारखे संशोधन करता करता शिकवणारे या पंचक्रोशीत पुष्कळ आहेत. कोणी इतिहासाचा, कोणी भूगोलाचा, कोणी रसायनशास्त्राचा. आम्ही एकमेकांच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसतो, काय दिसलं ते एकमेकांना सांगतो, आणि आठवड्यातून एकदा जानेफळात अभ्यासिकेत जमतो. आज तो दिवस आहे.

हे का करावं लागतं, ते सांगतो. शाळेत शिकवायचं तर बीएड लागतं. तिथे पाठ घ्यावे लागतात, कुणीतरी वही घेऊन मागे बसतं. कॉलेजात शिकवायला नेट किंवा सेट लागते, नाहीतर पीएचडी. नेट १९८९ पासून आहे. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ १९९५ पासून घेतं. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभियोग्यतेचे प्रश्न असतात, पण उत्तर चार पर्यायांतून निवडायचं असतं. पेपर पन्नास प्रश्नांचा, शंभर गुणांचा. तो उत्तम गुणांनी सुटला तरी साठ मुलांसमोर उभं राहिल्यावर हातातल्या खडूचं काय करायचं, ते त्यातून कळत नाही. माणूस विषयात पक्का होऊन वर्गात शिरतो आणि शिकवण्याच्या बाबतीत त्या दिवसापासून एकटा पडतो. हा एकटेपणा मला या व्यवसायातली सगळ्यात मोठी अडचण वाटते, मानधनाच्या अडचणीपेक्षाही मोठी.

आजचा विषय मागणीची लवचिकता. पुस्तकात उदाहरण चहा-कॉफीचं आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत कॉफी येतच नाही. आज दुसरं उदाहरण घेऊन जातोय.

पावणेसात

जानेफळ बसस्थानक. मेहकरची गाडी भरूनच येते. कॉलेजची मुलं, दवाखान्याला निघालेली माणसं आणि बऱ्याच बाया. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना निम्मं तिकीट झालं आणि या गाडीचा चेहरामोहराच बदलला.

ते उदाहरण याच गाडीत मिळालेलं आहे. इतिहासाचे सर (आम्ही सगळे एकमेकांना 'सर' म्हणतो, वय आणि विषय कोणताही असो) मागे एकदा माझ्या शेजारी बसले होते. चहा-कॉफीवर माझी मुलं गप्प बसतात, हे मी त्यांना सांगत होतो. ते म्हणाले, "भाऊ, तुमचं उदाहरण तर समोरच्या सीटवर बसलंय." खरंच होतं. तिकीट चाळीसचं वीस झालं. आधी महिन्यातून दोनदा जाणारी बाई आता पाचदा जाते. आधी ऐंशी रुपये खर्च व्हायचे, आता शंभर होतात. दर उतरला आणि खर्च वाढला, म्हणजे मागणी लवचिक. याउलट मीठ. वीसचं दहा झालं म्हणून कुणी दोन किलो खात नाही. खर्च विसाचा दहावर येतो. ही मागणी ताठर. आकडे मी सोयीसाठी धरलेले, पण गोष्ट गाडीतली प्रत्येक बाई जाणते.

इतिहासाच्या माणसाला अर्थशास्त्राचं उदाहरण सुचलं, यात मला नवल वाटत नाही. विषयातला माणूस विषयाच्या आतून बघतो. बाहेरच्याला विद्यार्थ्यासारखं बघता येतं.

साडेसात

स्टाफरूम अजून रिकामी आहे. इतिहासाचे सर माझ्या आधी पोचलेत. त्यांचा तास दहाला आहे, तरी आज माझ्यासाठी लवकर आलेत.

"आज काय पाहू?" हा त्यांचा पहिला प्रश्न. ही आमची पद्धत पक्की आहे. काय बघायचं, ते बघणारा ठरवत नाही, शिकवणारा सांगतो. सगळंच बघायला गेलं की शेवटी 'छान झाला तास' किंवा 'आवाज थोडा कमी पडतो' एवढंच हाती लागतं. मी सांगितलं, "डावीकडच्या बाकांवर बसणाऱ्या मुली प्रश्नाला उत्तर देत नाहीत. लाजतात, की दुसरं काही आहे, ते बघा."

त्यांनी कोऱ्या कागदावर बाकांचा नकाशा काढला. प्रत्येक बाकासाठी एक चौकोन. त्यात खुणा करायच्या: लिहितोय, लिहिणं थांबलं, शेजाऱ्याच्या वहीत बघतोय, फळ्याकडे बघतोय, बाहेर बघतोय. शिकवणाऱ्याबद्दल कागदावर एक अक्षरही लिहायचं नाही. या एका नियमाने आमचं पुष्कळ काम सोपं केलं. शिकवणाऱ्याचं वर्णन करायला गेलं की त्याचा न्यायनिवाडा होतो. मुलांचं वर्णन केलं की दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात.

आठ

बीए पहिलं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर, मायनर आणि श्रेयांकांची भाषा आली आहे, पण मुलं तीच आहेत. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली, बरीचशी घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच.

इतिहासाचे सर आत शिरले तसं मुलांनी माना वळवल्या. मी पहिल्यापासून मुलांना सांगून ठेवलंय, की सर तुम्हाला तपासायला आलेले नाहीत, मलाही तपासायला नाहीत, मला मदत करायला आलेत. आता त्यांना सवय झालीये.

निम्म्या तिकिटाचा प्रश्न टाकला आणि वर्ग हलला. एक मुलगा म्हणाला, "सर, माही आजी आता दर गुरुवारी जाते, आधी नव्हती जात." दुसऱ्याने लगेच हिशेब मांडला. मीठ आल्यावर तर वादच लागला. लोणच्याच्या दिवसांत मीठ जास्त लागतंच की, हा मुद्दा मागच्या बाकावरून आला आणि रास्त होता. किंमत न बदलता मागणी बदलते ती कशी, हे पुढच्या तासाला घ्यायचं म्हणून मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. मग आलेख काढला. एक उतरती रेघ सपाट, दुसरी उभट.

डावीकडच्या मुली आजही गप्प होत्या.

नऊ

कॉलेजच्या फाटकासमोरची चहाची टपरी. तासाबद्दलचं बोलणं आम्ही स्टाफरूममध्ये करत नाही. तिथे येणारे-जाणारे ऐकतात आणि एखादं वाक्य अर्धवट पुढे जातं. सीएचबीच्या माणसाला ते परवडत नाही.

आधी शिकवणारा बोलतो. मी म्हटलं, तिकिटाचं जमलं, आलेखाला आल्यावर वर्ग हातातून सुटल्यासारखं वाटलं. सरांनी कागद माझ्यापुढे ठेवला. डावीकडच्या खिडकीलगतच्या चार बाकांवर आलेख सुरू झाल्यापासून सगळ्या खुणा 'शेजारणीच्या वहीत' अशा होत्या.

"मी उठून तिथल्या बाकावर जाऊन बसलो होतो, तुमच्या लक्षात आलं नसेल," सर म्हणाले. "पूर्वेच्या खिडकीतून ऊन येते. सव्वाआठ-साडेआठला नेमकं फळ्याच्या उजव्या अर्ध्यावर पडते. तिथून पांढरं चकाकतं, रेघ दिसत नाही. तुम्ही आलेख तिथंच काढता."

फळ्यासमोर उभ्या माणसाला हे कधीच दिसलं नसतं. तो उन्हाकडे पाठ करून उभा असतो. मुली लाजत असतील, घरच्या वळणामुळे बोलत नसतील, गणिताला भीत असतील, अशा पाच-सहा कारणांचा मी विचार केला होता. निघालं ऊन. हे समजायला कोणती पदवी लागत नाही. त्या बाकावर जाऊन बसणारा माणूस लागतो आणि त्याने खरं सांगण्याइतकी आपली मैत्री लागते. उद्यापासून आलेख डावीकडे काढायचा आणि शक्य झालं तर खिडकीला जुना कपडा लावायचा.

बोलून झाल्यावर सरांनी कागद मला दिला. हाही नियम. टिपण ज्याच्या तासाचं, त्याचंच. प्रत ठेवायची नाही, फोटो काढायचा नाही.

दहा

आता मी मागच्या बाकावर. बीए दुसरं वर्ष, एकोणिसाव्या शतकातलं महाराष्ट्राचं प्रबोधन. सरांची मागणी होती, "मी 'समजलं का' म्हणतो तेव्हा काय होते, ते बघा."

विषय आमच्याच कामाशी जोडलेला निघाला. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवायला कोण होतं? ही विद्यार्थी मंडळीच, स्वतःचं शिक्षण सांभाळून. दादाभाई नौरोजी त्या मंडळींत होते. सर हे फार जीव लावून सांगत होते. त्यांनी दक्षिणा फेलोंचाही उल्लेख केला. पेशवाईत श्रावणात शास्त्री-पंडितांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजी अमदानीत त्या पैशाचं रूप पालटत गेलं आणि त्यातून पुढे महाविद्यालयांतल्या हुशार विद्यार्थ्यांना फेलोशिप मिळू लागली. त्यांनी शिकता शिकता खालच्यांना शिकवावं अशी अपेक्षा असे. न्यायमूर्ती रानडे त्यांतले एक. आज बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर संशोधन करणारी आमची मित्रमंडळी, ती रक्कम वेळेवर यावी म्हणून उन्हात बसणारी, त्याच ओळीत पुढे उभी आहेत असं मला ऐकताना वाटलं. रानड्यांना कुणी मागे बसून बघितलं होतं का, हे विचारायची फार इच्छा झाली. पण मी तिथे निरीक्षक होतो.

'समजलं का?' असं विचारलं की पुढच्या दोन ओळी 'हो सर' म्हणत होत्या. त्यात एक सूर असतो, सवयीचा. त्या सुरात सामील होणाऱ्यांपैकी कितीजणांच्या वहीत ती गोष्ट उतरली, ते मी नकाशावर खुणा करून बघत होतो. 'हो सर' म्हणणाऱ्या एका बाकावरच्या तिघांच्या वह्या कोऱ्या होत्या. आणि एकदाही 'हो' न म्हणणाऱ्या, खिडकीकडे तोंड करून बसलेल्या मुलाने सनावळीचा तक्ता अगदी नीट उतरवून घेतला होता.

शेवटच्या पंधरा मिनिटांत सर ठरल्याप्रमाणे वर्गाबाहेर गेले आणि मी पुढे आलो. ही रीत आम्ही वाचून उचलली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९६२ पासून अध्यापनाच्या अभ्यासाचं आणि साहाय्याचं केंद्र आहे. तिथे संशोधक विद्यार्थ्यांनाच सल्लागार म्हणून तयार करतात. सत्राच्या मध्यावर सल्लागार एखाद्या वर्गात जातो, शिकवणाऱ्याला बाहेर पाठवतो, मुलांचे गट पाडतो आणि विचारतो: शिकायला मदत कशाने होते, अडतं कुठे, काय बदलता येईल? गटात बोललेलं असल्याने कोण काय म्हणालं हे उघड होत नाही, आणि एकाच मुलाची तक्रार सगळ्यांची म्हणून पुढे येत नाही. तिथे या कामाला वेळ दिलेला असतो, मोबदलाही असतो. आमच्याकडे यातलं काही नाही, तरी रीत तशीच्या तशी चालते.

मुलं आधी बुजली. मग एका गटातून आलं, "गोष्ट सांगतात तवा समजते. तारखा सांगतात तवा लिहू की ऐकू, काही समजत नाही." दुसऱ्या गटाने सांगितलं, पुढच्या आठवड्यात आम्ही सोंगणीला जाणार, मग मागचं कुठून घ्यायचं? तिसऱ्याने मागणी केली, की सरांनी एका धड्याच्या शेवटी पाच ओळी फळ्यावर लिहाव्यात, मोबाइलवर फोटो काढता येईल. न आलेल्याला तो पाठवता येईल.

सर बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होते. कितीही सवय झाली तरी ही पंधरा मिनिटं कुणालाच सोपी जात नाहीत. मी त्यांना लगेच काही सांगितलं नाही. सांगायच्या गोष्टी नीट लिहून संध्याकाळी द्यायच्या असतात, वाक्यं मुलांची, पण ओळख पटेल असं काही नाही.

दुपारी एक ते चार

परतीची गाडी, जेवण, आईबरोबर वावरात एक चक्कर. शेंगा हातात घेऊन दाणा दाबून पाहिला, अजून दोन दिवस हवेत. मग प्रबंधाचं काम. माझ्या दुसऱ्या प्रकरणातल्या तक्त्यांवर मार्गदर्शकांनी शेरे दिलेत, ते दुरुस्त करायला दोन तास लागले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

साडेचार

अभ्यासिका. एरवी इथे पोलीस भरती, तलाठी, स्पर्धा परीक्षा यांची तयारी करणारी मुलं बसतात. आठवड्यातून एकदा कोपऱ्यातला फळा आमच्या हवाली होतो. आज सातजण आलेत. एकीने फोन केला, की लेकराला ताप आहे, रात्री बोलते.

आज रसायनशास्त्राच्या ताईंचा पाठ. नुकतीच सेट झाली आहे, पुढच्या सत्रासाठी एका महाविद्यालयात मुलाखत आहे आणि तिथे डेमो घ्यावा लागणार. आम्ही सूक्ष्म पाठाची पद्धत वापरतो. भूगोलाचे सर बीएड झालेले आहेत, त्यांनीच ती आणली. सूक्ष्म अध्यापन मूळचं स्टॅनफर्ड विद्यापीठातलं, १९६३ च्या सुमाराचं, ड्वाइट अ‍ॅलन यांच्या नावावर. आपल्याकडे त्याचं छत्तीस मिनिटांचं चक्र बसवलं गेलं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा तयारी, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. बीएडच्या मुलांना हे तोंडपाठ असतं. 'सज्जता प्रवर्तन', 'चेतक बदल' अशी कौशल्यांची जड नावं लिहून वह्या भरतात आणि पुष्कळदा वह्या भरण्यातच ते संपतं. पण त्या छत्तीस मिनिटांत एक अनमोल गोष्ट आहे, ती म्हणजे मधली बारा. चुकलेलं कळल्याबरोबर, त्याच संध्याकाळी, दुसऱ्यांदा शिकवण्याची संधी कॉलेजच्या मास्तराला आयुष्यात मिळत नाही. एक तास फसला तर तोच तास पुन्हा घ्यायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं.

ताईंनी विषय घेतला पीएच. सुरुवात व्याख्येने केली: हायड्रोजन आयनांच्या संहतीच्या लॉगॅरिदमचं ऋण मूल्य. मग सूत्र, मग शून्य ते चौदा अशी पट्टी, आम्ल इकडे, अल्कली तिकडे. अक्षर सुंदर, बोलणं स्वच्छ, वेळेत संपलं. आणि ऐकणारे आम्ही अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल, मराठीवाले. सहा मिनिटांनी इतिहासाचे सर सरळ म्हणाले, "ताई, मले लॉगॅरिदमपाशीच दार लागलं. पुढचं ऐकू आलं, पण आत नाही गेलं."

आमचं अज्ञान इथे कामाला येतं, हे मी मनापासून सांगतो. रसायनशास्त्राचे सात लोक बसले असते तर त्यांनी व्याख्या बरोबर आहे की नाही तेवढंच तपासलं असतं. आम्हाला खरंच कळलं नाही, आणि कुठे कळलं नाही ते बोट ठेवून सांगता आलं. भूगोलाच्या सरांनी विचारलं, लोणारचं पाणी खारं का लागतं, यात त्याचं काही आहे का? ताईंचे डोळे चमकले. लोणार इथून जवळ. प्रत्येकाने ते सरोवर पाहिलेलं, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर सगळं गाव बघायला गेलं होतं. त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास असतो.

बारा मिनिटं ताई कोपऱ्यात बसून लिहीत होत्या. तोवर आम्ही अभ्यासिकेतल्या तीन मुलांना बोलावलं. दुसऱ्यांदा शिकवताना नवे ऐकणारे हवेत, नाहीतर आधीच कळलेली माणसं मान डोलावतात.

दुसऱ्या वेळी फळ्यावर आधी फक्त दोन आकडे आले. ७ आणि १०. सात म्हणजे शुद्ध पाणी, दहा म्हणजे लोणार. मधे ८ आणि ९ च्या पायऱ्या काढल्या. "प्रत्येक पायरीला फरक दहा पट. तर सातापासून दहापर्यंत एकूण किती पट?"

भरतीची तयारी करणारा एक मुलगा लगेच म्हणाला, "तीस."

ताई थांबल्या. हा क्षण पाहण्यासाठी मी दर आठवड्याला येतो. पहिल्या पाठात हा 'तीस' कुणाच्या तरी डोक्यात होताच, पण तिथे तो बाहेर यायला वाट नव्हती. त्यांनी 'चूक' म्हटलं नाही. विचारलं, "पहिल्या पायरीवर एकाचे किती झाले?" "दहा." "आता हे दहा पुढच्या पायरीवर दहा पट." मुलगा क्षणभर गप्प. मग, "शंभर. म्हणजे हजार!" तीन पायऱ्यांनी हजार पट. एवढे मोठे आकडे छोट्या पट्टीवर बसवायला लॉगॅरिदम लागतो, हे वाक्य त्यानंतर आलं, आणि आता त्याला बसायला जागा झाली होती. व्याख्या सगळ्यात शेवटी. आयन वाढतात की घटतात, हे सांगायचं राहिलं. पीएच चढतो तसे हायड्रोजन आयन हजारपटीने कमी होतात. शेवटच्या सहा मिनिटांत आम्ही ते मांडलं. ताईंनी लिहून घेतलं.

सहा

चहा आणि भांडण. भांडण दर आठवड्याचं, पण गरजेचं. आज दोन मुद्दे होते.

मराठीच्या मॅडमचं म्हणणं, वर्गात वऱ्हाडीत बोलावं की नाही याचा निकाल लावा. काही सरांना वाटतं, प्रमाण मराठीतच बोललं पाहिजे, नाहीतर मुलं मुलाखतीत अडतात. माझं मत वेगळं आहे. पहिलं समजणं घरच्या बोलीत व्हावं, मग तीच गोष्ट पुस्तकी मराठीत मुलांकडून म्हणवून घ्यावी. 'तारखा सांगतात तवा लिहू की ऐकू' हे वाक्य त्या मुलाने प्रमाण भाषेत सांगायचं ठरवलं असतं तर तो बोललाच नसता. मॅडमनी यावर एक चांगली सूचना केली. पुढच्या आठवड्यात एकच सहा मिनिटांचा पाठ दोन्ही तऱ्हांनी घेऊ आणि ऐकणाऱ्यांना तो आपल्या शब्दांत लिहायला लावू. मतांपेक्षा त्या कागदांवरून बोलू.

दुसरा मुद्दा जास्त तापला. एका महाविद्यालयातल्या वरिष्ठांच्या कानावर आमचं काम गेलं आहे, आणि त्यांनी आमच्यातल्या एकाला विचारलंय, की ही टिपणं आम्हाला द्याल का, पुढच्या वर्षी कुणाला घ्यायचं ते ठरवायला सोपं जाईल. हेतू वाईट असेलच असं नाही. पण माझा याला ठाम विरोध आहे. ज्या दिवशी मागच्या बाकावरच्या माणसाच्या कागदावर शिकवणाऱ्याची नोकरी ठरायला लागेल, त्या दिवशी मी त्याला बघायला तोच तास देईन जो मला उत्तम येतो. डावीकडचे चार बाक मी त्याला कधीच दाखवणार नाही. भूगोलाच्या सरांचं म्हणणं होतं, की निदान हजेरीचं प्रमाणपत्र तरी असावं, एवढे तास दिले त्याची कुठे नोंद नको का? ते मला पटलं. तास मोजावेत. तासात काय दिसलं, ते मोजू नये.

साडेआठ

लेकराला ताप असलेल्या ताईंचा फोन. ताप उतरलाय. त्या दुसऱ्या गावी राज्यशास्त्र शिकवतात. त्यांचा तास बघायला आमच्यातलं कुणी पोचू शकत नाही, म्हणून त्या मोबाइल टेबलावर ठेवून स्वतःचा तास ध्वनिमुद्रित करतात आणि आम्ही रात्री दहा मिनिटांचा तुकडा ऐकतो. आजच्या तुकड्यात त्यांनी प्रश्न विचारला आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं. पुन्हा विचारला, पुन्हा स्वतःच दिलं. ऐकताना त्या आपणहून म्हणाल्या, "थांबतच नाही ना मी!" मी काही बोलायची गरज उरली नाही. त्यांनी उद्याच्या वहीत प्रश्नापुढे 'मनात पाच मोजणे' असं लिहून ठेवलं.

इतिहासाच्या सरांना त्यांच्या मुलांची वाक्यं आधीच लिहून दिली होती. त्यांचाही फोन आला. तारखांचा तक्ता आता ते आधी छापून वाटणार, तासात फक्त गोष्ट. पाच ओळी फळ्यावर लिहायचं त्यांनी लगेच मान्य केलं. सोंगणीला जाणाऱ्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप गट एका मुलीने संध्याकाळीच बनवला.

साडेनऊ

आता विद्यापीठाला द्यायचं पत्र. हे काम गेल्या महिन्यापासून रेंगाळलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्यात स्पष्ट आहे, की कोणत्याही शाखेच्या संशोधकाने संशोधनकाळात आपल्या विषयाच्या अध्यापनाचं, लेखनाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. शिवाय आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन अशी कामं त्याला देता येतात. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं, त्यात संशोधन आणि प्रकाशनातली नीती सक्तीची. कोर्सवर्कला वर्ग आहेत, परीक्षा आहेत, गुणपत्रक आहे. अध्यापनाच्या प्रशिक्षणाचं ते एक वाक्य मात्र आमच्या ओळखीच्या संशोधन केंद्रांत अजून कागदावरच आहे.

आमची मागणी लहान आहे. सहकाऱ्याच्या वर्गात बसलेले आणि सूक्ष्म पाठात घालवलेले तास या प्रशिक्षणात धरावेत. केंद्राने त्यासाठी महिन्यातून एक अर्धा दिवस खोली आणि फळा द्यावा. दुसऱ्या गावी निरीक्षणाला जाणाऱ्याला एसटीचं भाडं मिळावं. आणि निरीक्षणाचं टिपण कोणत्याही निवड समितीपुढे, कोणत्याही कारणाने मागवलं जाऊ नये.

मसुदा गटावर टाकला. इतिहासाच्या सरांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: शेवटचं कलम पहिलं करा. बाकीचं कमी-जास्त झालं तरी चालेल, यात तडजोड नको. रसायनशास्त्राच्या ताईंनीही तेच लिहिलं. मी कलम वर नेलं आणि क्रमांक बदलले. उद्या नऊच्या चहाआधी मेहकरात प्रत काढायची, सह्या घ्यायच्या. शुक्रवारी ताई मार्गदर्शकांना भेटायला अमरावतीला जाणार आहेत, त्या पत्र हाताने देतील आणि आवक क्रमांक घेऊन येतील.